अप्पांची येझदी आणि तुझा फिल्टर

बसवकल्याण,
गुरुवार दुपार

प्रिय गिरू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरला असशील. आम्ही दोघं बरे आहोत. बरे आहोत ही देवाची कृपा, आणि तसं का म्हणते ते पुढे येईलच. माझी एक अट आहे. पत्र संपेपर्यंत फोनला हात लावायचा नाही. शाळेत मीच तुझे पेपर तपासले आहेत, अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहायला लागायची तुझी खोड मला पाठ आहे.

तू पाठवलेला गाडीचा फिल्टर पोचला, त्याला पंधरा दिवस होत आले. दर फोनला तू विचारतोस, अप्पांनी पार्सल फोडलं तरी का, आणि मी विषय बदलते. तर ऐक, त्याच दिवशी फोडलं आणि संध्याकाळच्या आत बसवलंसुद्धा. तुला हे खरं वाटणार नाही. ‘कंपनीनं दिलंय ते काय येड्यानं दिलंय व्हय?’ म्हणत ज्या माणसानं चाळीस वर्षं येझदीला बाहेरचा नटसुद्धा लावू दिला नाही, त्यानं गाडीचा हवेचा जुना डबा काढून माळ्यावर टाकला आणि तुझं ते चमकतं, जाळीचं नळकांडं कार्बोरेटरच्या तोंडाला घट्ट बसवलं. मग अंगणात किक मारली. गाडी अशी गरजली की शेजारच्या सुशीलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. अप्पा पान्हा हातात धरून हसत होते. ‘आता कशी बोलायलीय बघ!’ म्हणाले. माझं डोकं उठलं होतं, पण दिवाळीपासून त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता, म्हणून चहा टाकायला आत गेले.

दिवाळीचा विषय निघालाच आहे तर काढतेच. तू म्हणालास, अप्पा, आता या वयात गाडी विका. ते म्हणाले, तुझ्या बापाला आधी वीक. तू पुण्याला निघून गेलास, ते ओट्यावर बसून राहिले, आणि तेव्हापासून तुझा फोन आला की दोन शब्द बोलून माझ्या हातात देतात. मलाही वाटलं, म्हातारा रुसलाय. रुसायला ते तुझ्यापेक्षा लहान आहेत. गेल्या महिन्यात तू वास्तुशांतीचं सांगायला फोन केलास, मुद्दाम त्यांना द्यायला लावलास. ते ‘बघू, बघू’ म्हणाले आणि फोन मला दिला. मग तू मला काय म्हणालास ते तुला आठवत असेल. ‘त्यांना यायचं नसेल तर ओढून आणू नको आई, तू एकटी ये.’ मी जेवले नाही त्या दिवशी. त्यांच्यावर इतकी चिडले की वास्तुशांतीचा शब्दही घरात काढला नाही. म्हटलं, बापलेकांनी एकमेकांचं काय ते बघून घ्यावं.

आता गाडीकडे येते. उभी असताना गाडी सुरेख चालायची. अप्पांनी एअर स्क्रू इकडेतिकडे फिरवून ती अशी लावली की टाकीवर ठेवलेली चहाची कपबशीसुद्धा हलेना. पण त्याच आठवड्यात मला मुडबीच्या शाळेत बोलावणं होतं, जुन्या शिक्षकांचा सत्कार होता. मी नेहमीसारखी मागे बसले. मुडबीच्या आधीच्या चढावर अप्पांनी मूठ पुरती फिरवून गाडी पिळली आणि इंजिनातून बारीक तडतड यायला लागली, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. चढ संपला, आवाज थांबला. मी त्यांच्या कानाशी ओरडले, ‘काहीतरी वाजायलंय!’ ते म्हणाले, ‘फिल्टर हाय त्यो.’ येताना पुन्हा तेच. गिरू, मी त्या गाडीच्या मागे बसून तीस वर्षं शाळेत गेले आहे. मला जेट आणि निडल कळत नाही, पण तो आवाज तिचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन निघाले आणि धनराजच्या गॅरेजला गेले. तुझ्या वर्गातला धनराज, आता दोन पोरांचा बाप आहे. तो घरी आला, प्लग काढला आणि त्याचा चेहराच उतरला. प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं होतं. ‘अक्का, ह्ये इंजिन जळायलंय,’ म्हणाला. त्यानं मला समजावलं ते असं. नवा फिल्टर हवा भरपूर आत सोडतो, पण पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक जुनंच, बारीक. येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी. उभ्या गाडीला काही होत नाही. पळवली की पिस्टन तापून चिकटतं आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. मागून ट्रक असला तर काय होईल, ते माझं मलाच कळलं. जुना डबा परत बसवा किंवा मोठं जेट घाला, असं तो अप्पांना म्हणाला. अप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते. डब्याचं नाव काढताच मात्र भडकले. ‘डबा न्हाई लावणार. कायबी झालं तरी न्हाई.’ आणि वर हेही, ‘वाजत असतं तर मला ऐकू आलं नसतं व्हय?’

त्यांच्या कानांचा दबदबा धनराजला ठाऊक होता. गल्लीच्या तोंडाशी कुणाची गाडी आली की घरात दाढी करता करता ‘ह्याची चेन ढिली हाय’ सांगणारा हा माणूस. इंजिनाला पेचकसाचं टोक आणि तुझ्या कानाला त्याची मूठ लावून ‘ऐक, बेरिंग काय म्हणतंय’ असं तुला शिकवणारा. मी चूल बघत बघत तुम्हा दोघांना ऐकायची. घरात कान फक्त तुम्हालाच आहेत, असं तुमचं वागणं असायचं.

त्यात रविवारी अप्पांना हायवेनं मन्नाएखेळ्ळीला जायचं होतं, त्यांच्या जुन्या मित्राला, श्रीपतरावांना, गाडी दाखवायला. एकट्यानं, आणि भरधाव. मी किल्ली लपवली, त्यांनी दुसरी काढली. मी बोलणं टाकलं, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. शेवटी एवढंच कबूल झालं की आधी मोठं जेट घालून बघायचं. धनराजनं लहानमोठी जेट दिली आणि बजावलं, सगळ्यात मोठ्यापासून सुरू करा आणि खाली या. गाडी पूर्ण पिळायची, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि प्लगचा रंग बघायचा. अप्पांनी मान हलवली आणि त्यातलं सगळ्यात लहान जेट बसवलं. ‘पेट्रोल काय नाल्यात वतायचंय?’ तू कुणावर गेलास ते आता तरी कळलं का?

शनिवारी सकाळी ते निघाले आणि मी पदर खोचून मागे बसले. ‘उतर,’ म्हणाले. मी म्हटलं, आवाज आला की खांद्यावर थाप मारीन, लगेच क्लच दाबायचा. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. किक मारली. तिथेच मला पहिल्यांदा शंका आली, गिरू. ज्या माणसाला स्वतःच्या कानांची खात्री असते, तो बायकोची थाप मान्य करत नाही.

हायवेला लागल्यावर त्यांनी गाडी पिळली. वारा इतका की डोळे उघडेनात. मी कान फक्त इंजिनाकडे ठेवले होते, आणि मनात राम राम चाललं होतं. एका मोठ्या चिंचेपाशी तडतड सुरू झाली. मी थाप मारली. गाडी पळतच राहिली. मी मुठीनं मारलं, ‘अहो, दाबा!’ म्हणून किंचाळले. त्यांना स्वतः खात्री करायची होती, त्यांनी मान वाकवून इंजिनाकडे कान केला. तेवढ्यात आवाज बदलला, जडावला, आणि मागचं चाक किंचाळलं. गाडी माझ्या खालून आडवी सरकली. मी डोळे मिटले. क्लच कसा दाबला गेला त्यांनाही सांगता येणार नाही, पण दाबला गेला, चाक सुटलं आणि आम्ही घरंगळत कडेच्या मुरुमावर जाऊन थांबलो. मागचा ट्रक भोंगा वाजवत शेजारून निघून गेला.

अप्पा उतरले, गाडी स्टँडला लावली आणि विचारलं, ‘कुठनं वाजायलं हुतं?’ मी मागे बोट दाखवलं. ती चिंच कितीतरी लांब राहिली होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मला रागही होता, दयाही येत होती, आणि जिवंत असल्याचा आनंदही होता. त्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

इंजिन पुरतं निवल्यावर त्यांनी किक दाबून पाहिली, पिस्टन सुटलं होतं. मग कार्बोरेटर उघडला आणि धनराजचं सगळ्यात मोठं जेट स्वतःच्या हातानं घातलं. जेट दोनदा मुरुमात पडलं, मी शोधून दिलं. गाडीवर बसताना म्हणाले, ‘हात खांद्यावरच ठेव.’ मी ठेवला. पुन्हा तोच वेग, तोच वारा. मी ऐकत राहिले, ऐकत राहिले. गाडी भरल्या आवाजात गात होती, तिच्यात दुसरं काही वाजत नव्हतं. त्यांनी क्लच दाबून इंजिन बंद केलं. थांबल्यावर प्लग काढला, भाकरीवरच्या डागासारखा तांबूस होता. पण अप्पांनी तो नंतर पाहिला. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली, काही नाही वाजलं. तेव्हा ते मुरुमावर बसले आणि म्हणाले, ‘कुसुम, मला ऐकू येईना गेलंय. डबा असताना गाडी चालू हाय का बंद, ते टाकीवर हात ठिवून बघायचो. गिरूचा फिल्टर लावला आन् लई दिवसांनी तिचा आवाज आला.’ मग म्हणाले, ‘पोराला सांगू नको. गाडी विकायला लावंल.’

माझी ट्यूब तिथे पेटली. मी मराठीत भाजीचं विचारते आणि ते कन्नडात वेळ सांगतात, त्याची आपण थट्टा करायचो. कुठल्या भाषेत बोललं जातंय तेही त्यांना ओठांवरून ताडावं लागत होतं. आणि फोनला ओठ नसतात. तुझं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. पकडले जाऊ नये म्हणून ते ‘बघू, बघू’ म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

मी त्यांना शब्द दिलाय की तुला सांगणार नाही. म्हणून सांगत नाही, लिहिते आहे. देव एवढी पळवाट मला देईल. फोनवर बोलले असते तर समोर बसून त्यांनी माझे ओठ वाचले असते. कानाच्या डॉक्टरला दाखवायला मी त्यांना कलबुर्गीला नेणार आहे, ते माझ्याकडे लागलं. तुझ्याकडे वेगळं काम आहे. परत येताना ते गाडी अगदी हळू चालवत होते, आणि वाटेत मान न वळवता मला म्हणाले, ‘गिरूच्या घराचं काम संपलं असंल की. वास्तुशांत झाली व्हय? आपल्याला बोलावलं न्हाई त्यानं.’ मी मागे बसून रडले, त्यांना ते ऐकू गेलं नाही. वास्तुशांत अजून व्हायची आहे, तारीख मी त्यांना सांगू शकले असते, पण मग ते माझं बोलावणं झालं असतं, आणि मुलाच्या घरी बाप बायकोच्या बोलावण्यानं जात नसतो. तेव्हा गिरू, अप्पांना वास्तुशांतीच्या बोलावण्याचं पत्र लिही. ठळक अक्षरात लिही, कानांविषयी आणि गाडी विकण्याविषयी चकार शब्द नको, आणि पाकिटावर नाव त्यांचंच घाल: श्री. गुंडेराव. पोस्टमन आपल्या गल्लीत दुपारी येतो, तेव्हा ते ओट्यापाशी गाडी पुसत बसलेले असतात.

तुझीच,
आई