पिवळं पान खुडू नये

मी, निवृत्त वनस्पती-संशोधक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. लेकीला तो पटणार नाही, कायद्याला पटेल.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक लेकीला. मागची गच्ची मात्र पुढचे तीन हंगाम आमच्या प्रयोगशाळेच्या माळीदादांच्या ताब्यात राहील.

२. फ्रिजमधला निळा डबा माळीदादांना. त्यात मूठभर गव्हाचं बियाणं आहे. लेकीने आवराआवरीत फेकू नये.

कारण लिहून ठेवते. पेशी स्वतःचेच झिजलेले भाग मोडून पुन्हा वापरते. हे काम जोरात करणारं वाण आम्ही निवडलं होतं, कमी खतात पिकावं म्हणून. जुन्या पानातलं सत्त्व हळूहळू दाण्यात जातं, तसतसं पान पिवळं पडत जातं. हे मी वर्गात शिकवायची, आणि पाहणीला साहेब येणार म्हटलं की तीच पानं खुडायला लावायची, कुंड्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून. माळीदादा म्हणायचे, "बाई, राहू द्या की. त्याचं त्याला आवरू द्या." मी म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

अकरा वर्षं दाणा चारचौघांसारखाच भरला आणि प्रयोग बंद झाला. मी माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. शेवटच्या वर्षी माळीदादांनी कोपऱ्यातली एक कुंडी मला न सांगता तशीच ठेवली. पानं कागदासारखी वाळली, दाणा टपोरा भरला. तेच हे बियाणं. मी त्यांची माफी कधी मागितली नाही, ती इथे मागते.

३. माझी खुडायची कात्री भंगारात घालावी.

४. "बाईंच्या गव्हाला कावीळ झालीय" असं भर सभेत म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना पहिल्या पिकाची एक ओंबी पाठवावी. सोबत पत्र नको.

५. माळीदादांना साक्षीदार व्हायचं होतं. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये. म्हणून ते गच्चीवर पाणी घालत आहेत. नऊ दाणे पेरले होते, आठ उगवले.

६. आता कावीळ मला झाली आहे. लेक कालपासून कपाटं रिकामी करते आहे. बाळा, मी पिवळी दिसते म्हणून मला आवरायची घाई करू नकोस. माळीदादांना प्रयोगाच्या नोंदींची अजून अर्धी वही समजावून द्यायची आहे.

साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई (सही), खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही)
ठिकाण: गच्चीलगतची खोली
दिनांक: पेरणीनंतरचा आठवा दिवस
सही: लिहून देणार, स्वहस्ते