जांभूळ: उणे बावीस टक्के

९ जून २०२५, सोमवार. सकाळी ५.४०
पाचला उठायचं ठरलं होतं. चाळीस मिनिटं म्हणजे काही फार नाही.
आजपासून शिस्त. पीएच.डी.चं अकरावं वर्ष सुरू आहे. गाईड निवृत्त झाले, पण विषय अखेर सापडला. जांभूळ, करवंद आणि तुती यांच्या रसातली फ्लेवोनॉइड्स नावाची गुणकारी द्रव्यं आणि अँटिऑक्सिडंट क्षमता. मानोऱ्याच्या भोवती एवढं जांभूळ पडतं आणि कुणी मोजलेलं नाही. पंधरा दिवसांत रीडिंग, पुढच्या पंधरा दिवसांत पेपर. जर्नल परदेशी.
मी शिकवतो त्या कॉलेजजवळच्या तांड्यावरच्या रामीबाई राठोड भेटल्या. त्यांचा बचत गट जांभळाचा रस बाटलीत भरतो. अकोल्याचा एक दुकानदार दोनशे बाटल्या घ्यायला तयार आहे, पण रसात काय आहे याचा रिपोर्ट मागतो. मी म्हणालो, पंचवीस तारखेला देतो. त्या म्हणाल्या, नक्की होते का सर, का नुसतं म्हन्ता? हसलो. प्रयोगशाळा म्हणजे काय हे त्यांना कुठून माहीत असणार.

१० जून, मंगळवार
साडेसहाला उठलो. (गजर वाजला नाही.)
बायको, योगिनी, म्हणाली, तुतीचा हंगाम मार्चातच संपला. हे तिने काल सांगायला हवं होतं. तुती पेपरच्या शेवटी 'पुढील संशोधनास वाव' मध्ये टाकीन.
रामीबाईंकडून चार बाटल्या रस आणला. घरच्या फ्रिजमध्ये ठेवला. योगिनीने दुधाचं पातेलं बाहेर काढलं.

१३ जून, शुक्रवार
लॅबमध्ये पहिला दिवस. द्रावणाचा रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं फडकं काढलं. लॅब अटेंडंट देवमन म्हणाला, तीन वर्षं झाली सर, मीच ह्याले पुसून राह्यलो. मशीन गरम व्हायला अर्धा तास. विसाव्या मिनिटाला लाईट गेली. परत पहिल्यापासून. तीनदा.
चौथ्यांदा फ्लेवोनॉइड्सचं स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाची पाच द्रावणं, लावलं. कागदावर पाच ठिपके एका रेषेत यायला हवेत. माझे बैल उधळल्यासारखे गेले. व्होल्टेजचा दोष. प्राचार्यांना स्टॅबिलायझरसाठी अर्ज. ते म्हणाले, मागच्या वर्षीचा अर्ज अजून टेबलावरच आहे. तोही माझाच निघाला.

१७ जून, मंगळवार
काल दिवसभर लाईट नव्हती. आज सकाळी फ्रिज उघडला तर एका बाटलीचं झाकण उडालेलं, बाकी तीन फसफसत होत्या. दही, कोथिंबीर, सगळं जांभळं. योगिनी म्हणाली, घरात दारू काढून राह्यले का तुमी? मी किण्वनाची प्रक्रिया समजावून सांगितली. ती फडकं आणायला गेली.
नवा रस आणला, सोबत करवंदाचाही. रामीबाईंनी विचारलं, पयल्याचं काय झालं? म्हणालो, वापरला.

२० जून, शुक्रवार
आज झालं. लाईट अडीच तास टिकली.
पद्धत सोपी. डीपीपीएच नावाची पूड मिथेनॉलमध्ये विरघळली की जांभळं द्रावण होतं. रसात अँटिऑक्सिडंटचा दम असेल तर तो रंग उडून पिवळा पडतो. किती टक्के उडाला, ते मशीन सांगतं.
करवंद: ३१ टक्के.
जांभूळ: उणे २२.
पुन्हा केलं. उणे २२. पुन्हा केलं. उणे २४.
रंग उडायच्या ऐवजी वाढला. देवमन परीक्षानळीकडे बघत म्हणाला, सर, रस बी जांभळा, दवा बी जांभळी. मशीनले कसं समजन कोनता कोनाचा? मी त्याला नळ्या धुवायला सांगितलं. मशीन पाचशे सतरा नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचतं, रंग कुणाचा हे विचारत नाही.
तीनदा तेच आलं म्हणजे चूक नव्हे. हा शोध आहे.

२३ जून, सोमवार
कटू कर्तव्य. तांड्यावर गेलो. बाया जांभळं निवडत बसल्या होत्या. रामीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या रसात गुण नाही, उलट उणे आहे. त्यांनी विचारलं, म्हंजे मानूस बिमार पडते का? म्हणालो, विज्ञान इतक्यात हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, पण तूर्त रस काढणं थांबवा. त्या म्हणाल्या, आमी ल्हानपनापासून खाऊन राह्यलो सर. मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, बरं.
परत येताना वाईट वाटलं. पण कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

२६ जून, गुरुवार
प्रबंधाची प्रस्तावना लिहिली. एक वाक्य. चांगलं आहे.
दुपारी रेणू राठोड मॅडम लॅबमध्ये आल्या. वनस्पतिशास्त्राला तासिका तत्त्वावर आहेत, रामीबाईंची पुतणी. माझी वही मागितली. विचारलं, सर, डीपीपीएच न घालता नुसत्या रसाचं रीडिंग घेतलं का? त्याचा स्वतःचा रंग वजा करावा लागतो. मी फळ्यावर वीस मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लॅबची किल्ली मागितली. दिली. नवीन लोकांना शिकू द्यावं.

२८ जून, शनिवार
रेणू मॅडमनी रसाचा रंग वजा केला, जांभूळ ७९ टक्के. करवंदही वाढलं, ४८. ठिपकेसुद्धा रेषेत आले. मशीन तेच, व्होल्टेज तेच, देवमनही तोच. दोन तास लागले.
मी म्हणालो, हेच मी पुढच्या टप्प्यात करणार होतो. देवमन खिडकीबाहेर बघू लागला.
घरी जेवण गेलं नाही. योगिनीला सगळं सांगितलं. जांभूळ झाडावर थांबत नाही, दोन दिवसांत सडतं. माझ्या एका शब्दाने पाच दिवस त्या बाया हातावर हात ठेवून बसल्या असतील. अकोल्याची ऑर्डर गेली असेल. योगिनी म्हणाली, मग जाऊन सांगा, मी चुकलो म्हनून. इतकं साधं वाक्य, तीनदा पाठ करावं लागलं.

३० जून, सोमवार
सकाळी सातला तांड्यावर. 'मी चुकलो' म्हणालो. सबबी तोंडापर्यंत आल्या होत्या, गिळल्या.
रामीबाई बाटल्यांना झाकणं लावत होत्या. त्यांनी विचारलं, कायचं चुकले सर? म्हणालो, मी थांबवायला लावलं ना. त्या म्हणाल्या, कोन थांबलं? तुमी गेले अन् आमी पुन्ना कामाले लागलो. रेणूनं रिपोर्ट देल्ला, अकोल्याचा मानूस हाव म्हनला.
मी विचारलं, मग त्या दिवशी बरं का म्हणालात? त्या म्हणाल्या, तुमी उन्हातून आलते, म्हनून म्हनलं.
नंतर त्यांनी माझ्या स्कूटरकडे पाहिलं. खोकी बस स्टँडवर न्यायची होती. मी चार खेपा केल्या.