धोंडूला वगळून

मुलुंड, २९ जानेवारी १९५६

प्रिय उत्तरा,

अनेक आशीर्वाद. तुझी आई मागच्या दारी मटार सोलत बसली आहे, म्हणून निवांत लिहिता येतंय. गेल्या हिवाळ्यात तू कलकत्त्याहून सुट्टीला आलीस, तेव्हा मटार सोलता सोलताच मला तुझं संख्याशास्त्र शिकवलं होतंस. दाण्यांची जी संख्या सर्वांत जास्त शेंगांत सापडते, ते बहुलक. शेंगा दाण्यांच्या चढत्या क्रमाने मांडल्या की बरोबर मधल्या शेंगेत जितके दाणे, तो मध्यक. आणि सगळे दाणे एकत्र करून शेंगांच्या संख्येने भागले की आपली जुनी सरासरी. जन्मभर पोरांकडून नुसता भागाकार करून घेणाऱ्या मास्तरला तू घरबसल्या नापास केलंस, आणि मला त्याचा कोण अभिमान वाटला.

गणपतीत माझ्या रक्तातला दोष निघाला, तेव्हाही तूच डॉक्टरांना धिटाईने विचारलंस. सरासरी दोन वर्षं, असं ते म्हणाले. मे महिन्यात परीक्षा झाली की घरी येईन, मग आपल्याला भरपूर वेळ आहे, असा हिशेब करून तू परत गेलीस. मीही निर्धास्त झालो, खोटं कशाला सांगू? तुझ्या आईने तर पुढच्या दिवाळीनंतर काशीला जायचं शेजारच्या वनमालाबाईंशी ठरवूनही टाकलंय.

दवाखान्यात धोंडू म्हणून एकजण भेटतो. वाकोल्याला राहतो, पूर्वी गिरणीत होता. हाच आजार होऊन त्याला साडेदहा वर्षं झाली, तरी गडी सायकल मारत येतो. येताना माझ्यासाठी पेरू आणतो. "मास्तर, घाबरू नकात. माका बघा," म्हणतो. त्याच्याकडे बघून मला खरंच धीर यायचा.

परवा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ही दोन वर्षं आणलीत कुठून? त्यांनी काही लपवलं नाही. या रोगाचे सातच रोगी त्यांनी पाहिले. त्यातले सहाजण गेले. दोघे पाच महिन्यांत, बाकीचे चौघे अनुक्रमे चार, सहा, आठ आणि चौदा महिन्यांत. त्यात धोंडूचे एकशे सव्वीस मिळव आणि साताने भाग. बरोबर चोवीस येतात. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, आणि आपण दोघांनी पुढे काही विचारलं नाही.

धोंडूला वगळून सरासरी सात महिने. त्याला धरूनही मध्यक सहा. बहुलक पाच.

मला पाचवा चालू आहे. हिरड्यांतून रक्त येतं, ते मी आईच्या नकळत धुऊन टाकतो. कालपासून पाटावर बसवत नाही. तिला वाटतं, थंडी बाधली.

तुझी आजी गेली तेव्हा तुझी सहामाही होती. तिच्या दहाव्यालाही मी तुला शाळेत धाडलं, आणि तू मुकाट्याने गेलीस. आमच्या घरात शाळा बुडत नाही, हे मी चारचौघांत मिरवत आलो. आता आलीस तर तुझं वर्ष जाईल, शिष्यवृत्तीही जाईल कदाचित. ते सगळं जाणून लिहितो आहे. मला भीती वाटते गं, आणि तू जवळ हवी आहेस. आईला कारण कळवू नकोस, सुट्टी मिळाली म्हण. मे महिन्याची वाट पाहू नकोस. उत्तरा, या वेळी शाळा बुडव.

तुझाच,
अण्णा