कंपासमधली गोळी

सौंसर,
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुमनताईस,
धाकट्या चंद्रकलेचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही बरे आहोत. जिनिंगमध्ये कापूस यायला लागल्यापासून हे संध्याकाळी अंगभर रुई घेऊनच घरात शिरतात. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरला आहे, जीभ मात्र मोकळी आहे. आमची मित्रा दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडे पांढुर्ण्याला राहून आली, तेव्हापासून मावशीशिवाय दुसरं बोलणं नाही.

आता एक सांगायचं आहे. परवा पेन्सिल शोधायला तिचा कंपास उघडला, तर चिंचोके, तुटकी बांगडी आणि कागदात गुंडाळलेली एक पांढरी गोळी. शेजारच्या मालतीने ती चिमटीत धरून पाहिली आणि पाळणा लांबवायची गोळी म्हणून निकाल देऊन टाकला. सासूबाई माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मित्राच्या पाठीवर दुसरं मूल का नाही याचं उत्तरच त्यांना सापडलं. त्यांची समजूत काढायला मला वेळ नव्हता. पोरीने आणखी गिळल्या की काय, हीच धास्ती.

मित्राला एकटीला परसात नेऊन विचारलं, तर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी लपून खाऊन रायली होती. मले मांगूनबी नाई देल्ली. म्हून म्या एक घेतली. चाटली त कडू लागली, मंग ठेवून देल्ली."

तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळी पाहिली आणि आधी मित्राची पाठ, हात, कानाच्या पाळ्या तपासल्या. मग तिला डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक अंगावरून फिरवलं, कुठे लागतं ते बोटाने दाखव म्हणाले. पोरगी गुदगुल्यांनी हसत होती आणि मी भिंतीला टेकून उभी. तिला काही नाही, ताई. आधी हेच लिहायला हवं होतं. तू वाचताना घाबरली असशील.

घरी मी ताकदीची गोळी निघाली असं सांगितलं. तुझं नाव कोणाला कळलं नाही, यांनासुद्धा नाही.

तुला तिगाव आठवतं का? बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते, येताना बागेतली गळालेली संत्री रुमालात बांधून आणायचे. आपण फलाटाच्या टोकाला बसायचो. तू एकेक फोड घेऊन शिरा काढायचीस, बिया काढायचीस आणि माझ्या तोंडात घालायचीस. मध्येच सालीचा रस माझ्या डोळ्यांत पिळायचीस, मी रडले की आणखी एक फोड मिळायची. कितीदा मी खोटंच रडले. आपली थाळी एकच होती. ते दिवस आठवले की अजून तोंडाला पाणी सुटतं आणि डोळ्यांनाही.

या वेळी मित्रा सांगत होती, मावशीने संत्रं तसंच हातात दिलं, सोलून दिलं नाही. थाळी वेगळी, अंथरूण वेगळं. मला तुझा राग आला होता. वाटलं, ताईला आता आमचा कंटाळा आला.

डॉक्टर म्हणाले, ही महारोगाची गोळी आहे. लिहिला एकदाचा तो शब्द. लवकर लक्षात आला आणि गोळी चुकवली नाही तर माणूस बरा होतो, बोटंही शाबूत राहतात. औषध घेणाऱ्याच्या हातचं खाल्ल्याने काही होत नाही. मी पुन्हा विचारलं, लेकराला जवळ घेतलं तर? ते म्हणाले, "घेऊ द्या."

तू हे एकटीने सोसते आहेस, आणि आम्हाला जपायचं म्हणून आमच्यापासूनच मागे मागे सरकते आहेस. अशाने एक दिवस तू दारच उघडणार नाहीस. मला त्या रोगापेक्षा याचीच भीती जास्त वाटते.

म्हणून येत्या रविवारी सकाळच्या बसने मी मित्राला घेऊन येते आहे. नको म्हणून उलट टपाली कळवू नकोस, ते पोहोचायच्या आत मी निघालेली असेन. ती गोळी परत आणत नाही, पोरीने चाटली आहे. दवाखान्यातून दुसरी मागून घे आणि एकही दिवस चुकवू नकोस. संत्री मी इथून आणते. सोलायची मात्र तूच, शिरा काढून, तुझ्या हाताने. पहिली फोड मित्राला देऊ नकोस. तिच्यासमोर ती मला भरव, मग तिला.

आ करून बसलेली,
तुझी चंदी