फरशी बसेपर्यंत

जबलपूर, ८ जानेवारी २०२५

ती. स्व. भय्यासाहेबांस,
शरयूचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या अनुपमला मध्ये घालून बोलायचं म्हणजे निम्मं बोलणं त्याच्याच खिशात राहतं, म्हणून हे पत्र. इकडे थंडी मजबूत आहे. माझे गुडघे ठीक, डोकं मात्र ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुमची ती फरशी.

गल्लीच्या तोंडाशी नालीवरची फरशी तुटलेली आणि शेजारी कचऱ्याचा ढीग, हे तुम्हाला सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी तिथेच पडून तुम्ही खुबा मोडून घेतलात, अनुपम तुम्हाला नागपूरला घेऊन गेला, आणि गाडीत बसताना तुम्ही मला सांगितलंत की फरशी बसली की परत येतो. भावाने सांगितलं म्हणून बहीण अजून वाट पाहते आहे. घरात बोलायला भिंती आहेत.

आता शहराकडून एक योजना निघाली आहे. मोहल्ल्यातल्या लोकांनी समिती करायची, मेहनत आपली, सामान त्यांच्या अनुदानातून. समिती म्हणजे मी, शेजारच्या कलावतीबाई आणि त्यांचे दयारामजी. बाकीची घरं हाँ दीदी म्हणण्यापुरती हजर. वॉर्डाच्या कचेरीत माझ्या दहा फेऱ्या झाल्या. एकदा अर्ज जुन्या नमुन्याचा निघाला, एकदा शिक्का पुसट निघाला, एकदा बाबूच लग्नाला पाटणला गेलेला निघाला. शेवटी वीस तारखेला साहेब जागा पाहायला येतील असं कबूल झालं आहे. त्यांनी होकार लिहिला की नवी फरशी, धरायला कठडा आणि बसायला एक बाक मिळेल. मग तुमच्याकडे सबब उरणार नाही.

लोभ असावा, आणि उत्तरही थोडं लवकर असावं.
तुमची, शरयू

नागपूर, १३ जानेवारी २०२५

चि. शरयू हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. तुझे अक्षर रागात जास्त सुवाच्य येते, हे तू शाळेत शिकवत होतीस तेव्हापासून पाहतो आहे. सूनबाई चिन्मयीने तिळाच्या वड्या केल्या, माझ्या दातांनी नकार दिला. बाकी क्षेम.

आता थोरल्या भावाचे ऐक. सिंचन खात्यात मी चौतीस वर्षे काढली. साहेबांचा दौरा म्हटला की आम्ही रस्त्याच्या दोन्ही कडांना चुना टाकायचो, विश्रामगृहाच्या पायऱ्या धुऊन घ्यायचो. साहेब खूश तर शेरा चांगला. कचऱ्याशेजारी उभे करून होकार मागशील तर तो नाकाला रुमाल लावून निघून जाईल. आई आठव. पाहुणा यायचा म्हटले की ती परसातला दगडसुद्धा पुसायची. तेव्हा जागा लख्ख करा, बुटाला घाण लागू नये म्हणून नालीवर काहीतरी टाका, आणि तुझे पोहे पुढे कर. काम झालेच समज.

थंडीत पहाटे बाहेर पडू नकोस.
तुझा, भय्यासाहेब

जबलपूर, २४ जानेवारी २०२५

ती. स्व. भय्यासाहेबांस, कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

दोन दिवस आम्ही तिघं त्या ढिगात हात घालून होतो. दयारामजींनी ठेल्यावरून चार खेपा कचरा वाहिला. चुना टाकला. नालीवर त्यांच्या घरचं जुनं दार आडवं टाकलं आणि वर कलावतीबाईंची सतरंजी. त्या बिचाऱ्या मला म्हणत होत्या की दीदी, काहून एवढं चमकवून राहिल्या, साहेब काय मुलगी पाहायला येऊन राहिला. मीच त्यांना गप्प बसवलं.

साहेब आले. वेळेवर आले, हे आणखी एक नशीब. सतरंजीवरून ऐटीत चालत आत आले, पोहे दोनदा घेतले, इतना साफ मोहल्ला पूरे वॉर्ड में नहीं असं म्हणाले, आणि कागदावर लिहिलं की जागा स्वच्छ, रस्ता वापरण्याजोगा, अनुदानाची गरज नाही. मी धावत जाऊन सतरंजी ओढली, दार सरकवून भगदाड दाखवलं, तोवर सही झाली होती. लिहिलेला शेरा खोडता येत नाही म्हणे. सगळ्या गल्लीसमोर मला रडू आलं. आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा म्हणून सांगितलं, आणि स्वतः काय केलं!

परवा दूधवाल्याच्या सायकलीखाली ते दार मधोमध मोडलं. कचरा तर दुसऱ्याच दिवशी परत आला. बाबू फेरतपासणीचा अर्ज घ्यायला तयार आहे. चलो, आणखी एक फेरी.

राग तुमच्यावर आहे, लोभही आहे.
शरयू

नागपूर, १ फेब्रुवारी २०२५

चि. शरयू हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चूक माझी. साहेबाला खूश करण्याची विद्या मी जन्मभर शिकलो, त्याला दुखणे दाखवण्याची कधी शिकलोच नाही. वाईट वाटते.

तू आता त्या कचेरीच्या पायऱ्या चढणे सोड. तुला एक सांगायचे राहिले आहे, ते आज लिहून टाकतो. फरशी हे मी निमित्त केले होते. त्या सकाळी मी नालीत पडलो, धोतर सुटले, अंगभर चिखल, आणि चार घरची माणसे मला उचलत होती. दयारामने माझे तोंड धुतले. ज्या गल्लीत मी मान ताठ ठेवून चाललो, तिथे आता कोणत्या तोंडाने यायचे? फरशी बसली असती तर मी आणखी काही सबब सांगितली असती. तू एवढी मनावर घेशील असे वाटले नव्हते.

रागावू नकोस.
भय्यासाहेब

जबलपूर, ७ फेब्रुवारी २०२५

भय्यासाहेबांस, न. वि. वि.

रागावू नकोस म्हणजे काय? तीन वर्षं! तुमच्या निमित्तासाठी मी उन्हातान्हात त्या बाबूचं तोंड पाहिलं, आणि तुम्हाला तिकडे लाज वाटते आहे म्हणून गप्प बसलात.

तुम्ही पडलात हे गल्लीत सगळ्यांना आठवतं, खरं आहे. पण कसं आठवतं ते ऐका. कलावतीबाईंनी तुमची काठी त्याच दिवशी नालीतून काढून, धुऊन, त्यांच्या दाराआड ठेवली आहे. भय्यासाहेब आले की लागेल, म्हणून कुणाला हात लावू देत नाहीत. दयारामजी दर दिवाळीला विचारतात. तुमच्या धोतराची चौकशी अजून कुणी केलेली नाही.

फेरतपासणी पंचवीस तारखेला अकरा वाजता आहे. तुम्ही येऊ नका. मी आता कलावतीबाईंच्या गुडघ्यांसाठी भांडेन. फक्त माझं घर मला फार मोठं झालं आहे, एवढं लिहून थांबते.

शरयू

नागपूर, १३ फेब्रुवारी २०२५

चि. शरयूस आशीर्वाद.

पत्र चारदा वाचले. काठीपाशी दर वेळी थांबलो.

पंचवीसला मी येतो. अनुपम गाडी करून देतो आहे. तिलवाऱ्याला नर्मदेला हात जोडून थेट गल्लीच्या तोंडाशी उतरेन. साहेबांसमोर वॉकर घेऊन त्या भगदाडापर्यंत चालेन आणि जिथे पुढे जाता येणार नाही तिथे उभा राहीन. त्यांना तपासणीसाठी जो फोटो काढायचा तो काढू दे, मी कॅमेऱ्याकडे पाहीन.

एक मात्र कर. या वेळी झाडू नकोस.

तुझा, भय्यासाहेब

जबलपूर, २७ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपम यास शरयूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझे बाबा शेजारी बसून खुणा करत होते, म्हणून नीट सांगता आलं नाही.

मी चार दिवस झाडू हातात धरला नाही. हात शिवशिवत होते म्हणून कलावतीबाईंनी तो आपल्या घरी नेऊन ठेवला. साहेब या वेळी दीड तास उशिरा आले. तेवढा वेळ तुझे बाबा उन्हात, कचऱ्याशेजारी उभे. दयारामजींनी खुर्ची आणली तर बसेनात. साहेब म्हणाले, बाबूजी, थोडा आगे आइए. बाबांनी एवढंच सांगितलं की यहीं गिरा था, इसके आगे नहीं जा सकता. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, नालीकडे पाहिलं आणि होकार लिहिला. पोहे विचारायचं मला सुचलंच नाही.

मग त्यांना घरात आणायचं कसं? दयारामजींनी आणि गल्लीतल्या आणखी तिघांनी खुर्चीवर बसवून उचललं. नाली ओलांडेपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते. पलीकडे कलावतीबाई काठी घेऊन उभ्या होत्या. ती हातात घेतल्यावर मात्र तुझे बाबा रडले, आणि कुणापासून लपवलं नाही.

आता मुद्द्याचं. ते म्हणतात, एकदा उचलून घेतलं ते पुरे, फरशी बसेल तेव्हाच स्वतःच्या पायांनी गल्लीबाहेर पडेन. तेव्हा त्यांची औषधं, दुसरा चष्मा, उन्हाळ्याचे सदरे आणि ती लाकडी पेटी पाठवून दे.

सामान कधी येईल, ते कचेरीत कुणाला ठाऊक नाही. मार्चअखेर म्हणतात, दिवाळीही म्हणतात. सोमवारी बाबूने चौकशीला बोलावलं आहे. कलावतीबाई सकाळीच विचारून गेल्या, दीदी, जायचं ना? मी म्हटलं, पाहू, एवढी काय घाई आहे.

चिन्मयीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.
तुझी, शरयूआत्या