थोरल्याचं नाव

चिरंजीवास,

आईची दिवेलागणीची हाक अजून माझ्या कानात आहे. पायरीवर उभी राहून, शेवटचं अक्षर लांबवत ती माझं नाव घ्यायची. मी धावत जायचो, तर ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, विहिरीच्या वाटेकडे बघत राहायची.

ते नाव आधी माझ्या थोरल्या भावाचं. तो विहिरीत बुडाला, वर्षाने मी जन्मलो, आणि त्याच्या सदऱ्यांबरोबर त्याचं नावही माझ्या अंगावर चढलं. शाळेत मी कवितांत रमलो तो त्यामुळेच. कवितेत मला कुणी नावानं हाक मारत नसे.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, बाळाला तुमचंच नाव! उद्या दुपारी नोंदवून टाकतो. जुनाट म्हणून लोक नाकं मुरडतील, मुरडू देत!" मी नुसता हसलो. तुला वाटलं, म्हातारा खूश झाला. अरे, तेव्हापासून जिवाला चैन नाही. तिसऱ्या पोराच्या गळ्यात ते नाव नको रे. पण तुझ्या आनंदावर विरजण कसं घालू? आणि हे पत्र दुपारच्या आत पोचणार तरी कसं?

दार वाजतंय. थांब.

सूनबाई आलीय, बाळाला घेऊन, एकटीच. म्हणते, "बाबा, रागावू नका. त्या नावानं हाक मारली की डोळ्यांपुढे तुम्हीच येता, हा दिसतच नाही. ह्यांना सांगायची सोय नाही. तुम्ही बोलाल?"

पत्र इथेच ठेवतो. चपला घालतोय.

तुझे बाबा