तीन नंबरच्या दोन ड्राइव्ह

प्रिय मर्व्ह,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र कचऱ्यात टाकावंसं वाटेल. आधी वाच, मग खुशाल टाक.

परवा शेड आवरताना तुझी हार्ड ड्राइव्ह सापडली. ती, माझी ड्राइव्ह आणि तो जुना कॉम्प्युटर, सगळं वॉर्नाम्बूलच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबात नेलं. तिथली रॉझ तुझं काम बघून थक्कच झाली. एकीतून दुसरीत गेलेली वायर, शेवटच्या ड्राइव्हच्या मागे वायरीची साखळी बंद करणारं, न विसरता लावलेलं बूच, आणि झाकणावर तुझ्या टपोऱ्या अक्षरात सूचना: आधी ड्राइव्ह चालू करा, घरघर स्थिर होऊ द्या, मगच कॉम्प्युटर. "कोण हो हा माणूस? याच्या हातात सोन्याचं कडं घालायला हवं!" असं ती म्हणाली, आणि मला भरून आलं. इतकं नेटकं काम करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुला तोंडावर मात्र कधी सांगितलं नाही.

क्रिकेट क्लबाच्या पन्नाशीच्या पुस्तिकेसाठी आपण दोन्ही ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि पडद्यावर एकही दिसेना, तो १९९१ मधला रविवार. तुझ्या भंगारानं माझी ड्राइव्ह मारली म्हणून मी आकांडतांडव केलं. तू एवढंच म्हणालास, "मग दोन्ही तूच पूर," आणि ग्लेनिसला घेऊन निघून गेलास. मी रागानं सगळं खोक्यात कोंबलं. पुढे तुम्ही दोघं नवराबायको होबार्टला गेलात. ती वारल्याचं कळलं, तरी मी आलो नाही. त्याची लाज अजून वाटते.

रॉझनं माझी ड्राइव्ह वळवून पाहिली. तू चिकटवलेल्या चिठ्ठीवर नंबर दोन, मागच्या नंबर बदलायच्या बटणाशी मात्र तीन. तुझ्या ड्राइव्हवरही तीनच. "तिसऱ्या नंबरला दोन-दोन फलंदाज पाठवता होय हो तुम्ही?" म्हणून ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. ते बटण तुझ्या नकळत मीच दाबलं होतं. सगळी वर्षं तू तिसरा खेळलास आणि मी चौथा. निदान माझ्या शेडमध्ये तरी तीन नंबर माझा, एवढाच खुळा हट्ट. दोघींचा नंबर एकच झाला की एकही दिसत नाही, हे मला कुठं ठाऊक!

आता माझी पुन्हा दोनवर आणली आहे. दोन्ही दिसतात. तुझ्या ड्राइव्हमध्ये ग्लेनिसच्या नावाचं फोल्डर आहे. ती रोज सकाळी काहीतरी टाइप करायची, आपण डोकावलो की पडद्यावर टॉवेल टाकायची, आठवतं? ड्राइव्ह गेली म्हटल्यावर नुसतं "जाऊ दे" म्हणाली होती. एकशे बारा फाइली आहेत, मर्व्ह. मी एकही उघडली नाही. टपालानं पाठवायचा धीर होत नाही. तू ये. सगळं जोडून ठेवलंय, चालू तूच कर.

तुझाच,
चौथ्या नंबरचा नेव्हिल